गव्हाणीतली सरकी

बारामतीकडं जाऊन काय बघितलंस, असं आईनं फोनवर विचारलं. मी म्हणाले, गव्हाणी बघितल्या. ती म्हणाली, "त्या काय आपल्या घरी नव्हत्या?"

होत्या. पण घरची गव्हाण कोणी वाकून बघत नाही.

मी जालना जिल्ह्यातल्या कापसाच्या गावची. आमच्या घरात दहावीच्या पुढं गेलेली मी पहिली. बी.एस्सी. झाले आणि आता पुण्यात अन्न तपासणाऱ्या एका लहानशा प्रयोगशाळेत नमुने गोळा करते. हे मिरवायला सांगत नाही, असं म्हणायची पद्धत आहे. मी मिरवायलाच सांगते.

काम असं होतं. इंदापूर तालुक्यातल्या अंथुर्णे गावात अकरा बायकांचा तुपाचा गट आहे. पुण्यातला एक व्यापारी त्यांचं म्हशीचं तूप वर्षभर घ्यायला तयार झाला होता. गटाची ही पहिलीच बाहेरची ऑर्डर. त्याला काचेच्या बरणीवर 'जनुक-बदलमुक्त' असं छापायचं होतं. तसं छापा म्हणून कायदा सांगत नाही, हौस त्याची. पण छापलं की ते खरं असावं लागतं. म्हणून त्याचा एक फॉर्म होता आणि त्यात एक प्रश्न: जनावरांना जनुक-बदल केलेलं खाद्य देता का? अकराही बायकांनी 'नाही'वर खूण करून फॉर्म पाठवले होते. मी जायचं, खाद्य बघायचं, तूप आणि चारा बाटल्या-पिशव्यांत भरून आणायचा आणि त्या 'नाही'खाली सही करायची. दोन दिवसांचं काम. मला तीन लागले.

बारामती

माघ सुरू होता. ओळखीतून बारामतीत एका घरी मुक्काम मिळाला. घरमालकांना सगळे तात्या म्हणत, म्हणून मीही म्हटलं. संध्याकाळी त्यांनी माझी पेटी बघून विचारलं, यात काय? मी सांगितलं की बीटी आहे का नाही ते बघायच्या पट्ट्या आहेत. तात्या खुर्ची ओढून पुढं सरकले.

तात्यांनी उमेदीत काही वर्षं दुसऱ्या जिल्ह्यातल्या एका शेतावर मुकादमी केली होती. तिथं जनुक-बदल केलेल्या मक्याची चाचणी लागली होती. आपल्याकडं अशी चाचणी कोणी उठून लावू शकत नाही. आधी दिल्लीतल्या समितीची परवानगी, मग राज्याची ना-हरकत, मग अटींचा कागद. हे मी पुस्तकात वाचलं होतं, परीक्षेत लिहून मार्कही घेतले होते. पण त्या कागदाखाली उन्हात उभा राहिलेला माणूस पहिल्यांदाच भेटत होता.

तात्या सांगत होते: सगळ्या बाजूंनी जाळी, एकच दार, त्याला कुलूप. आत कोण गेलं, कधी गेलं, ते वहीत. आजूबाजूला लांबपर्यंत दुसरा मका लावायचा नाही. तुऱ्यांना पिशव्या. कणसं मोजून काढायची, मोजून जाळायची आणि राख खड्ड्यात. पीक निघाल्यावरही रान मोकळं नाही. पुढच्या हंगामात पडलेल्या दाण्यातून एखादं रोप आपोआप उगवलं तर उपटायचं आणि वहीत लिहायचं.

"एक डाव मक्याचं एकच ताट उगवलं व्हतं," तात्या म्हणाले. "सायब जीप घिऊन आलं. माज्या थोरलीच्या लग्नात एवढी मानसं धावली न्हायती."

काकू आतून म्हणाल्या, लग्नात ह्यांनीच कुठं धावपळ केली होती. तात्यांनी तिकडं कान दिला नाही.

मी विचारलं, एवढी राखण पटायची का? तात्या म्हणाले, पटायची. नवीन वस्तू आहे, तिला आपला स्वभाव माहीत नाही आणि आपल्याला तिचा. आधी वेगळं बांधून बघावं. विकत आणलेली म्हैस आपण लगेच दावणीला इतर जनावरांत बांधतो का? हे उत्तर मला परीक्षेत सुचलं नव्हतं.

भवानीनगर

दुसऱ्या दिवशी सकाळी बसनं निघाले. साखर कारखाना जवळ आला की नाकाला आधी कळतं. मळीचा गोडसर, आंबूस वास बसच्या खिडकीतून आत येतो. उसाच्या ट्रॉल्यांनी रस्ता भरला होता. मला गाडी बदलायची होती. मध्ये वेळ होता, उसाचं रान जवळून बघावं म्हणून बांधावर उतरले आणि पाटाच्या फुटलेल्या पाण्यात घोट्यापर्यंत रुतले. कॅनव्हासचे बूट होते. आमच्याकडं पाणी पायाला लागणं ही आनंदाची बातमी असते. इथं कोणी बघतसुद्धा नव्हतं.

बूट झाडत बसले तिथं एक ऊसतोड बाई वाढ्यांच्या, म्हणजे उसाच्या हिरव्या शेंड्यांच्या, पेंढ्या विकत होती. बोलण्यावरून आमच्याच बाजूची निघाली. म्हणाली, इथल्या म्हशी सुखी, सकाळी वाढं, संध्याकाळी सरकी. आपल्याकडच्या जनावरानं कडबा चघळायचा आणि सरकी चालली इकडं.

ती हे सहज बोलली. मीही सहज ऐकलं आणि बसमध्ये बसले. दोन थांबे गेल्यावर पिशवीतले फॉर्म काढून पुन्हा वाचले.

सरकी म्हणजे कापसाचं बी. आणि आपल्या देशात शेतात लावायला मोकळीक असलेलं जनुक-बदल केलेलं पीक एकच, बीटी कापूस. मातीतल्या एका जिवाणूचं जनुक त्यात घातलेलं असतं, त्यामुळं बोंडअळी मरते. माझे वडील कितीतरी वर्षं तोच लावतात. त्याच कापसावर मी शिकले. कापूस विकला की आमच्या लेखी गोष्ट संपते. जिनिंगमध्ये रुई एकीकडं आणि बी दुसरीकडं होतं, त्या बियाचं तेल निघतं, उरलेली पेंड आणि काही अख्खी सरकी जनावरांच्या तोंडी जाते, हे मला माहीत होतं. फक्त ते माझ्या पिशवीतल्या अकरा फॉर्मांशी मी जोडलं नव्हतं. पदवीधर असूनही.

अंथुर्णे

गटाच्या अध्यक्ष मालनताई रस्त्यापर्यंत आल्या होत्या. सासऱ्यांच्या काळात त्यांच्या घरी मेंढरं होती, आता सात म्हशी. चालताना त्या म्हशींविषयी बोलत होत्या, प्रत्येकीचा स्वभाव वेगळा सांगत. काशी मानी. तिच्या डोक्यावर हात ठेवलेला चालत नाही, मानेवर चालतो.

आधी जेवण. बाजरीची भाकरी, भरलेलं वांगं, खर्डा आणि त्यांचं तूप. आमच्याकडं ज्वारी आणि वांग्यात शेंगदाण्याचं कूट कमी. इथं कूट सढळ. छबूबाई म्हणून गटातल्या दुसऱ्या एक होत्या, जिभेच्या तिखट. त्यांनी विचारलं, हे वांगं तरी चालतंय का तुमच्या पट्टीला? मी सांगितलं की बीटी वांगं तयार झालं होतं, पण आपल्याकडं त्याला थांबवून ठेवलंय, लावायची परवानगी नाही. छबूबाई म्हणाल्या, "म्हंजी वांगं साधं. बघा, आमी काय बीटी-फिटी देत न्हाय जनावराला. फवारलेलं गवतसुदीक देत न्हाय."

त्यांना खरंच तसं वाटत होतं, यात मला तेव्हाही शंका नव्हती आणि आताही नाही. त्यांच्या हिशेबी बीटी हे शेतातल्या पिकाचं नाव. त्यांच्या रानात ऊस, मका, थोडी ज्वारी. कापसाचं एक झाड नाही. मग 'नाही' सोडून दुसरं काय लिहिणार?

गोठ्यात गेले. कोपऱ्यात पेंडीचं पोतं होतं. त्यावर वजन होतं, बैलाचं चित्र होतं, कारखान्याचा पत्ता होता. आत काय आहे याविषयी 'सरकी पेंड' एवढंच. मी चिमूटभर पेंड नळीतल्या द्रावात घोटली, पट्टी बुडवली. पट्टीवर पहिली रेघ नेहमीच येते. ती पट्टी चालू असल्याची खूण. दुसरी रेघ आली तर बीटी. भोवती आठ-नऊ बायका उभ्या होत्या.

एकच रेघ आली.

बायका हसल्या, छबूबाई चहा ठेवायला गेल्या. मालनताईंनी माझ्या पाठीवर हात फिरवला. मी तेव्हा पेटी मिटून सही करू शकले असते. फॉर्म भरलेला, पट्टी साफ, पुण्यात कोणी विचारलं नसतं.

पण पेंड निघते ती तापलेल्या घाण्यातून. पट्टी जे प्रथिन शोधते ते त्या उष्णतेत मोडून जातं. तापवलेल्या मालावर एक रेघ आली तर त्याचा अर्थ 'नाही' होत नाही. त्याचा अर्थ 'पट्टीला कळलं नाही' एवढाच. दाराशी एका बादलीत संध्याकाळसाठी अख्खी सरकी भिजत घातलेली होती. मी मालनताईंना म्हणाले, त्यातला एक दाणा घेऊ का?

त्यांनी स्वतः ओंजळभर काढून दिली. मी एक बी सोललं, घोटलं, पट्टी बुडवली. दुसरी रेघ पहिलीपेक्षा ठळक आली.

कोणालाच कळलं नाही की हसायचं का नाही. मग मी सगळं सांगितलं: कापूस, जनुक, घाणा, फॉर्म. शक्य तितकं सरळ सांगितलं आणि शेवटी हेही सांगितलं की मला शिकवलंय त्याप्रमाणं म्हशीनं सरकी खाल्ली म्हणून दूध वाईट होत नाही, ते प्रथिन पोटात पचून जातं. तूप चांगलंच आहे. प्रश्न तुपाचा नाही, फॉर्मवर काय विचारलंय त्याचा आहे.

छबूबाई चहाचा ट्रे घेऊन दारात थांबल्या होत्या. म्हणाल्या, "तुपात काय उतरत न्हाय म्हणता ना? मग त्या पट्टीचं तुपाला काय? लिवा न्हाय."

मी म्हणाले की फॉर्म तुपाला विचारत नाही, म्हशीला विचारतो.

"मग म्हशीची सही घ्या," छबूबाई म्हणाल्या आणि ट्रे माझ्यापुढं आपटला. चहा बशीत सांडला. तरी त्यांनी साखर जास्त घातली होती, पाहुणीसाठी.

मालनताईंनी उरलेली सरकी परत बादलीत टाकली. मग म्हणाल्या, सरकी येते त्या कारखान्यावर जाऊ. बिगर-बीटी सरकी मिळत असेल तर आजपासून तीच घेऊ आणि काम संपवू. मला ते शक्य वाटत नव्हतं, पण मी नाही म्हणाले नाही. मलाही बघायचं होतं.

लोणी देवकर

तिसऱ्या दिवशी मालनताईंच्या पुतण्याच्या जीपमधून आम्ही दोघी गेलो. मालनताईंनी इरकल नेसली होती. कारखान्यात जायचं म्हणून. औद्योगिक वसाहतीत शेडमागं शेड, मध्ये बाभळी. पोत्यावरच्या पत्त्याचा कारखाना म्हणजे तेलाचा घाणा आणि बाहेर सरकीचे ढीग, राखाडी, मऊ, मेंढीच्या लोकरीसारखे. मालनताईंनी त्यात हात घातला आणि नकळत लोकर तपासतात तशी बोटांवर ताणून बघितली.

व्यवस्थापक सभ्य माणूस होता. त्यानं खुर्च्या दिल्या, पाणी दिलं. सरकी कुठून येते विचारलं तर त्यानं जालना, जळगाव, परभणी अशी नावं घेतली. त्या ढिगात आमच्या गावचीही असेल.

मालनताईंनी विचारलं, यातली बीटी कुठली आणि साधी कुठली?

"ताई, वेगळी कुणी आणूनच देत न्हाय," तो म्हणाला. "बिगर-बीटी सरकीचा एक ट्रक दावा, मी उतरून घेतो. सगळा मुलूख तेच लावतोय."

मी विचारलं, पोत्यावर तसं लिहीत का नाही? तो म्हणाला, लिहा म्हणून कोणी सांगितलेलं नाही, आणि सगळ्याच पोत्यांवर एकच गोष्ट लिहायची तर लिहून सांगणार काय? यात त्याचं काही चुकत होतं असं मला वाटलं नाही. बारामतीच्या तात्यांनी एका ताटासाठी जीप धावताना बघितली होती. इथं ट्रकामागून ट्रक रिकामे होत होते आणि दोन्ही ठिकाणी माणसं नियमानंच वागत होती. चाचणीतली वस्तू राखायची आणि पास झालेली वस्तू मोकळी सोडायची, हा नियम मला समजतो. पास झालेली वस्तू पुढं कुठं कुठं पोचते हे तिच्या अंगावर लिहिलेलं असावं की नसावं, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

परतताना मालनताई एवढंच म्हणाल्या की शेंगदाण्याची पेंड महाग पडते आणि काशीला तिचा वास आवडत नाही.

पुन्हा अंथुर्णे

दुपारी दूध संकलनाच्या खोलीत गट बसला. अकराच्या अकरा आल्या. छबूबाईंनी आधीच बोलून घेतलं. बाकीचे गट 'नाही'च लिहीत असतील, सगळ्यांच्या म्हशी हीच सरकी खातात, मग आपणच शहाण्या कशाला? ऑर्डर गेली तर पुन्हा कोण येणार आहे या आडरानात? बोलताना त्यांचा आवाज फाटला. त्यांच्या सुनेनं या गटाच्या भरवशावर दुकानातली नोकरी सोडली होती, हे मला नंतर कळलं.

मग सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. मी म्हणाले की मी 'नाही'खाली सही करणार नाही. वाईट वाटत होतं, तरी म्हणाले. ही पदवी मी रोज एसटीनं जाऊन-येऊन घेतलीय. ती एका सहीत घालवायला तयार नव्हते.

मालनताई उठल्या. कोरा फॉर्म मागितला. त्या सातवीपर्यंत शिकलेल्या. अक्षर मोठं आणि गोल.

"छबू, तू म्हणतीस ते खरं हाय," त्या लिहिता लिहिता म्हणाल्या. "पन एकदा न्हाय लिवलं की दर म्हयन्याला न्हाय लिवाय लागंल. मला एवढं ध्यानात ऱ्हात न्हाय."

त्यांनी 'होय'वर खूण केली. खाली जागा होती तिथं लिहिलं: सरकी देतो, आम्हाला माहीत नव्हतं, आता कळलं. सही केली आणि फॉर्म शेजारणीकडं सरकवला. नऊ जणींनी सह्या केल्या. छबूबाई दाराकडं तोंड करून बसल्या होत्या. शेवटी त्यांनीही केली, पण मालनताईंशी बोलल्या नाहीत. मी निघाले तेव्हा मात्र तुपाचा डबा त्यांनीच हातात दिला आणि म्हणाल्या, हे तपासायला नाही, खायला.

पुण्यात

व्यापाऱ्याचं उत्तर चार दिवसांत आलं. त्यानं रागानं लिहिलं नव्हतं. ऑर्डर थांबवतो, 'नाही' खरं लिहिता येईल तेव्हा कळवा, असं होतं. मी मालनताईंना फोन करून वाचून दाखवलं. त्या बरं म्हणाल्या आणि ठेवला.

महिन्याभरानं त्यांचाच फोन आला. अकरापैकी पाच जणींनी सरकी बंद केली होती. शेंगदाण्याची पेंड, मका, वाढं. दूध कमी झालं होतं. काशी दोन दिवस गव्हाणीला पाठ करून उभी होती, आता खाते, पण उपकार केल्यासारखी. आणि बंद केलेल्या पाचांत छबूबाई होत्या. बोलायला लागल्या का, मी विचारलं. भांडायला लागलीय, मालनताई म्हणाल्या, म्हणजे ठीक आहे.

मग त्यांनी मुद्द्याचं विचारलं. सरकी बंद केल्यावर किती दिवसांनी 'नाही' लिहायचं?

विचारून सांगते म्हणाले. फॉर्म उलटापालटा करून बघितला, त्यात नव्हतं. आमच्या साहेबांना विचारलं. ते म्हणाले, बाहेरच्या काही देशांत यासाठी मुदती ठरवलेल्या आहेत, आपल्याकडं कुठं लिहिलेलं त्यांना माहीत नाही. व्यापाऱ्याला विचारलं. तो म्हणाला, तुम्ही सांगाल तसं. मी दुसऱ्या दिवशी मालनताईंना फोन करून खरं ते सांगितलं, की ठरवलेलं मला काही सापडलं नाही.

पलीकडं गोठ्यातले आवाज येत होते, बादली सरकवल्याचा, कोणाच्या तरी गळ्यातल्या घंटेचा.

"मग वेतानं धरू," त्या म्हणाल्या. "काशी श्रावणात व्येनार. चीक सरला की त्या वेताचं दूध नवं. सरकी बंद असताना व्याल्याली म्हस, तिचंच तूप न्हाय म्हनून द्यायचं. जिची म्हस आधी व्येईल तिची आधी. चालंल का?"

मी हिशेब केला. कुठल्याही मुदतीपेक्षा हा काळ लांबच पडत होता. मी म्हणाले, चालेल. तरी विचारलं, तोवर तुम्ही पाचही जणी काय करणार? त्या म्हणाल्या, बारामतीच्या बाजारात साधं तूप म्हणून विकतो आहोतच, म्हशी काय उपाशी नाहीत.

त्या दिवशी साहेबांना विचारून मी फॉर्मवर त्या प्रश्नाखाली एक ओळ वाढवली: 'असे खाद्य बंद केल्यानंतर जनावर व्यायल्याची तारीख'. पुढं ठिपके दिले. आता तो फॉर्म सगळीकडं जातो. अंथुर्ण्याच्या नव्या पाच फॉर्मांवर ते ठिपके अजून कोरे आहेत, आणि श्रावणाला अडीच महिने आहेत.